माळ घातली, आता विहिरीवरच्या आसरांचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरातल्या थोरल्या मुलानं आषाढीला पंढरपुरात माळ घातली. वावरातल्या विहिरीच्या काठावर शेंदूर लावलेले सात गोटे आहेत, त्या आसरा, म्हणजे पाण्याच्या सात देवी. धुऱ्यावरच्या पिंपळाखाली मुंजा आहे. गहू निघाला की दरसाल आसरांना कोंबडं पडायचं, ते आता माळकऱ्याच्या हातून होणार नाही. आई म्हणते, खंड पडला तर पाणी आटेल. ओळखीचे एक बुवा म्हणतात, गोटे नदीत सोडून द्या, असली भुतंखेतं माळकऱ्याच्या वावरात नकोत. धाकट्या भावाच्या मते हे सगळंच थोतांड. विहीर सामाईक आहे; निम्मा हिस्सा शेजारच्या बौद्ध कुटुंबाचा, आणि त्यांना काठावर ना शेंदूर हवा ना रक्त. सासुरवाडी महानुभाव, त्यांचं आणखी वेगळं. यात ऐकायचं कुणाचं, आणि आसरांना मानलं तर विठोबाशी बेइमानी होते का?

दादा, इथं तीन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. आसरा खरोखर आहेत का, हा एक. त्यांच्या जागेचा मान राखायचा का, हा दुसरा. आणि पिकापाण्यासाठी, लेकराबाळांसाठी त्यांच्यापुढे पदर पसरायचा का, हा तिसरा. धाकटा भाऊ पहिल्याबद्दल बोलतो आहे, शेजारी दुसऱ्याबद्दल, आई आणि बुवा दोघंही तिसऱ्याबद्दल, फक्त उलट्या बाजूंनी. माळ घालताना तुम्ही शब्द दिला तो तिसऱ्या गोष्टीचा. पोलीस पाटलाला आपण रोज रामराम घालतो, म्हणून सातबारा काही त्याच्या नावावर करून देत नाही. आसरांचंही तेवढंच धरा.

बुवांनी ‘भुतंखेतं’ हा शब्द तुकोबांचा वापरला आहे. ‘सेंदरी हेंदरी दैवतें, कोण तीं पूजी भूतेंखेतें’ हा अभंग कीर्तनात नेहमी येतो. पण तुकोबांनीच जाखाई, जोखाई, मेसाबाई यांची नावं घेऊन पंढरीरावाला ‘देवांचाही देव’ म्हटलं आहे, आणि त्याच अभंगात मद्यमांस खाणाऱ्या शक्तींवर, वेताळांवर राग काढला आहे, मुंज्यालाही मोजलेलं नाही. त्या दैवतांचे गोटे उचलून फेका, असं त्यांनी तिथं सांगितलेलं नाही. गीतेतही हेच आहे. नवव्या अध्यायात भगवंत म्हणतात की दुसऱ्या देवतांना श्रद्धेनं भजणारेही मलाच भजतात, फक्त ते विधीला सोडून असतं. आणि दोनच श्लोक पुढे, भूतांना पूजणारे भूतांकडे जातात. सतराव्या अध्यायात प्रेतं-भूतगण पूजणाऱ्यांना तामस म्हटलं आहे. सातव्यात तर सरळ हिशोब मांडला आहे: असल्या पूजेचं फळ मिळतं, पण ते संपणारं असतं. अस्तित्वावर वाद घालण्यात कुणी वेळ घालवलेला नाही, भक्ती कुठे वळते यावरच सगळा जोर आहे. म्हणून आसरा आहेत की नाहीत याचा निकाल धाकट्या भावाशी भांडून लावत बसू नका. तो न लागताही तुमचं काम नीट होऊ शकतं.

आता उपाय. वैष्णव घरांत यासाठी जुनी रीत आहे आणि ती फारशी कुणी समजावून सांगत नाही, म्हणून इथं सविस्तर लिहितो.

रीत अशी की इतर देवतांना वेगळा स्वयंपाक चढवायचा नाही. घरातल्या विठोबाला तुळशीपत्र ठेवून नैवेद्य दाखवायचा आणि तोच प्रसाद म्हणून पुढे न्यायचा. जगन्नाथपुरीत आजही हेच चालतं. जगन्नाथाचा नैवेद्य तिथल्या विमलादेवीपुढे ठेवला जातो आणि त्यानंतर त्याला महाप्रसाद म्हणतात. देवीचा मान राहतो, अन्न मात्र जगन्नाथाचं. तुमच्या आसरांनाही असाच विठोबाघरचा दहीभात जाऊ द्या. माळकऱ्याला हा भात खायलाही अडचण नाही, कारण तो आधी विठोबाचा आहे. उलट क्रमानं केलंत, म्हणजे विहिरीवर वाहिलेलं घरी देव्हाऱ्यात आणलंत, तर मात्र घोटाळा. दरवर्षी चुकतं ते नेमकं इथंच: बायका सकाळी उरकून घ्यायचं म्हणून आधी वावरात जाऊन येतात आणि देव्हाऱ्याचं दुपारवर टाकतात. त्या दिवशी देव्हारा आधी, वावर मागून.

कोंबड्याच्या जागी कोहळा फोडा असं पुष्कळ जण सांगतात. मी सांगणार नाही. आत कुंकू भरून कोहळा कापणं म्हणजे बळीचंच सोंग, आणि सोंग ठेवलं की दोन-चार वर्षांत कुणीतरी म्हणतं, ‘खरंच करून टाकू ना एकदा.’ नारळ वाढवा, दहीभात द्या, जमल्यास पुरणपोळी. आपल्याकडे याला मोठा आधार आहे. गाडगेबाबांनी मुलीच्या बारशाला सोयरे मटण-दारूची वाट पाहत असताना गोडाचं जेवण वाढलं होतं. जेवणावळ मोडली नाही, फक्त ताटातलं बदललं.

तुम्हीही तेवढंच बदला. तोच दिवस, तीच वेळ, वावरात जायची तीच वाट, आणि पुढे आईच. आईची भीती ‘खंड’ या शब्दाला आहे. तिला पूजेपासून बाजूला केलंत आणि तुम्हीच पुढे होऊन माळकऱ्याची पूजा मांडलीत, तर ती सालदाराच्या हातून गुपचूप कोंबडं सोडेल, हे गृहीत धरा. मग ते कळतं, भांडण होतं, आणि त्याच हप्त्यात एखादी म्हैस आटली की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

बदल कधी करायचा हे ठरवताना घरात कुणी आजारी असेल, मोटार जळाली असेल किंवा वाटणीचा वाद चालू असेल, तर ते वर्ष बदलासाठी घेऊ नका. अडचणीत केलेला बदल अडचणीचं कारण ठरतो. गोटे हलवायचं नि बांधकामाचं जे काम पुढे सांगतो, त्याला अक्षय तृतीया ते मृग हा काळ सोयीचा: वावर मोकळं, पाणी खाली गेलेलं, गाळ काढायचं काम तसंही निघतं.

त्याआधी आईला एकदा शांतपणे बसवून तिच्याकडून ‘बोललेलं’ सगळं वदवून घ्या. कुणाच्या बाळंतपणाला, कुणाच्या ऑपरेशनला, बोअरला पाणी लागावं म्हणून, असे दोन-तीन कबूल तिच्या मनात शिल्लक असणारच. खरी भीती त्या थकलेल्या नवसांची असते. जेवढी कोंबडी बोलली असतील तेवढ्या गावरान कोंबड्यांची आजची किंमत काढा आणि ती रक्कम विहिरीजवळ ढोरांना नि पाखरांना पाणी मिळेल असं सिमेंटचं टाकं बांधायला लावा. टाक्यातलं पहिलं पाणी आईच्या हातून भरवा. नवस रोखीनं फिटला, रक्त सांडलं नाही, आणि ते आसरांच्याच पाण्यावर फिटलं. आईला हे पटतं. पैसे पंढरपूरच्या दानपेटीत टाकले तर पटत नाही.

गोटे काठावरून हलवायला हवेतच. शेजाऱ्याची हरकत रास्त आहे, आणि कारण धर्मापुरतं नाही. बाजारात मिळणारा शेंदूर पुष्कळदा शिशापासून केलेला असतो. तेलात कालवून वर्षानुवर्षं चढवलेला तो थर पावसात सुटतो आणि काठावरून सरळ पिण्याच्या पाण्यात उतरतो. लहान मुलांच्या मेंदूला शिसं घातक आहे. विहिरीपासून दहा-बारा फुटांवर, उताराच्या बाजूला, म्हणजे ओट्यावरचं पाणी विहिरीकडे वळणार नाही अशा जागी, चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि गुडघ्याच्या थोडा खाली येईल एवढा विटांचा ओटा बांधा. गोटे उचलण्याआधी मागच्या बाजूला खडूनं एक ते सात आकडे टाका. कोणता गोटा कुठे होता हे आईला डोळे मिटून माहीत असतं, आणि क्रम चुकला तर पूजा चुकली असं तिला वर्षभर वाटत राहील. जुना शेंदूर खरवडत बसू नका, भुकटी नाकातोंडात जाते. हातमोजे घालून ओल्या फडक्यात धरून गोटे आहेत तसे हलवा. निघालेल्या खपल्या विहिरीत किंवा नाल्यात न टाकता नव्या ओट्याच्या पायात सिमेंटखाली दाबून टाका. गावातल्या जाणत्यांनाही ते रुचतं, कारण देवीचं अंग देवीखालीच राहिलं. पुढे शेंदूर बंद, फक्त हळद आणि हळदीचं कुंकू. आसरांच्या शेजारी म्हसोबाचा गोटा असेल तर त्यालाही बरोबर न्या, मागे ठेवू नका. राहिला तर पुढच्या वर्षी त्याच्यासाठी वेगळी मागणी निघते.

पूजेचं साहित्य फार नाही. सात सुपाऱ्या, विड्याची सात पानं, चौदा हिरव्या बांगड्या म्हणजे प्रत्येकीला दोन, एक खण, एक नारळ, हळद-कुंकू आणि पळसाच्या पानांचे सात द्रोण भरतील एवढा दहीभात. पाव किलो तांदूळ पुरतो. विहिरीची एक कळशी पाणी काढून गोटे धुवायचे, हळद-कुंकू लावायचं, सुपारी-पान-बांगड्या मांडायच्या, द्रोण ठेवायचे, दिवा लावायचा. मग आईनं उभं राहून तिच्या शब्दांत सांगावं. साधारण असं: ‘मायबाई, आमच्या घरात आता माळ आली. रक्त द्यायचं इथून पुढं थांबलं. राग धरू नका. तुमचं पाणी आम्ही घाण करणार नाही, तुमची जागा झाडून ठेवू. आमचं बरंवाईट विठोबा पाहील.’ शेवटचं वाक्य वगळू नका, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तेच आहे. ‘पाणी भरपूर दे, तर पुढच्या वर्षी अमुक देईन’ असं काही निघू लागलं तर आईला तिथंच हळूच थांबवा.

पूजा झाली की ओटा मोकळा करा. भात तिथंच सगळ्यांनी खावा, उरलेला कुत्र्या-कावळ्यांना. बांगड्या लेकीसुनांना द्या. आत्या किंवा काकू विधवा असेल तर तिलाही द्या, सवाष्णच हवी असा हट्ट नको. विहिरीत काहीही टाकायचं नाही, हार नाही, नारळ नाही, लिंबू तर नाहीच. कुजलेल्या हारानं पाणी खराब होतं आणि हगवण लागली की पुन्हा नाव आसरांचं. आधीच काही पडलेलं असेल तर काढून ब्लिचिंग पावडर टाका. हिशोब सोपा आहे: व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली गुणिले 785, की लिटर येतात. पाच मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असेल तर सुमारे 59 हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम धरून 150 ग्रॅमच्या आसपास ताजी पावडर लागते. बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन विहिरीत सोडून ढवळायचं आणि तासभर पाणी वापरायचं नाही.

‘पाणी आटेल’ या भीतीला पूजेनं उत्तर मिळणार नाही, कारण पाणी कधी ना कधी खाली जाणारच. यवतमाळ, अकोला, वाशीमकडे बहुतेक ठिकाणी खाली काळा पाषाण आहे. पाणी वरच्या झिजलेल्या, भेगाळलेल्या थरात असतं आणि शेजारच्या वावरात दोन खोल बोअर पडले की तुमची विहीर बसते. म्हणून आजपासून दोरीला वजन बांधून, मीटरमीटरला गाठ मारून, दर महिन्याच्या 1 तारखेला काठापासून पाणी किती खाली आहे ते वहीत लिहा. पावसाचा आकडाही शेजारी लिहा. पुढच्या उन्हाळ्यात पाणी लवकर गेलं तर वही आईसमोर ठेवता येते. वही नसेल तर कोंबडं न दिल्याचंच कारण उरतं.

गाळ काढण्याबद्दल वेगळं सांगणं भाग आहे, कारण आसरा माणसं ओढतात ही समजूत बरीचशी इथूनच जोर धरते. उन्हाळ्यात न वापरलेल्या विहिरीच्या तळाशी जड वायू साचतो, प्राणवायू कमी होतो. पहिला माणूस खाली जातो आणि आवाज न करता कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा, आणि गाव म्हणतं, एक घेऊन आसरांचं भागलं नाही. कंदील सोडून पाहायची जुनी पद्धत अर्धवट आहे: कंदील विझला तर उतरायचं नाही हे नक्की, पण विझला नाही म्हणजे जागा सुरक्षित असंही नाही, कारण काही विषारी वायूंत तो जळतच राहतो, आणि पेट घेणारा वायू असला तर कंदीलच घात करतो. डिझेल इंजिन विहिरीत उतरवून चालवणं तर सर्वांत वाईट, त्याचा धूर आतच भरतो. आधी ब्लोअरनं बराच वेळ बाहेरची हवा आत सोडावी. उतरणाऱ्याच्या छातीला दोर, वर दोन माणसं. खालचा गप्प झाला तर दोर ओढायचा. त्याच्यामागे कुणीही उतरायचं नाही, सख्खा भाऊ असला तरी.

आसरांच्या जागेचे जे जुने नियम आहेत, वहाणा बाहेर, काठावर साबण नाही, आसपास लघवीला बसायचं नाही, भर दुपारी एकट्यानं डोहात उतरायचं नाही, ते सगळे ठेवा. माळकऱ्यानंच ते आधी पाळावेत. एकच नियम काढून टाका, बाईच्या विटाळाचा. पाण्याचं त्यात काही रक्षण होत नाही, आणि पांडुरंगाच्या वारीत पाळी आलेली बाई काही परत फिरत नाही.

मुंजाचं प्रकरण निराळं. मुंज झालेला आणि लग्नाआधी गेलेला मुलगा, अशी त्यामागची कल्पना. म्हणजे तो कुणाच्या तरी घरचं लेकरू, पितरांत मोडणारा. त्याच्याकडे मागायचं काहीच नसतं, त्यामुळे माळकऱ्याला अडचणही नाही. सर्वपित्री अमावास्येला पिंपळाखाली एक दिवा आणि बसून एक हरिपाठ, एवढं पुष्कळ झालं. दिवा उघड्यावर नको. मागे गव्हाचं कुटार पडलेलं असतं, विटांचा कोनाडा करून त्यात ठेवा. वर पाहा: पिंपळावर आग्यामोहोळ असेल तर ऊद, धूप, कापूर, फटाका काहीही नको. धुरानं माश्या उठल्या तर तोंड झाकून लांब आणि बंद जागेत पळायचं, विहिरीत उडी घ्यायची नाही, आणि बरेच डंख झाले तर थेट दवाखाना. पिंपळाभोवती फरशी किंवा काँक्रीट करून बुंधा आवळू नका, निदान हातभर माती सगळीकडून मोकळी ठेवा. विहिरीच्या बांधकामात पिंपळाचं रोप रुजलं तर ते मुंजाचं म्हणून वाढू देणारे लोक आहेत, मग मुळं बांधकाम फोडतात. वीतभर असतानाच पहिल्या पावसात मुळासकट काढून धुऱ्यावर लावा. मुंजाचा मान राहतो, विहीरही राहते.

शेजाऱ्यांबद्दल. त्यांचा आक्षेप हा तुमच्या देवाचा अपमान नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात ज्यांच्या घरानं दीक्षा घेतली, त्यांनी बावीस प्रतिज्ञांसोबत देवदेवतांची पूजा सोडली आहे. त्यांना सामाईक काठावर पूजा पाहायला लावणं बरोबर नाही, आणि त्यांच्याकडून वर्गणी मागणं तर अजिबात नाही. धम्मपदात याच विषयावर स्पष्ट गाथा आहेत: भयानं घाबरलेली माणसं डोंगर, वनं, झाडं यांना शरण जातात, पण ते शरण सुरक्षित नाही. तरीही बौद्ध घरांत परित्राण पाठात जे रतनसुत्त म्हणतात त्याची सुरुवातच जमिनीवरच्या नि आकाशातल्या भूतांना उद्देशून आहे, त्यांनी माणसांवर मैत्री करावी म्हणून. विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांत, झाड तोडायची मनाई आहे आणि तिच्यामागे वृक्षदेवतेचीच कथा सांगितली जाते. बाबासाहेबांच्या मांडणीत या अदृश्य योनींना जागा नाही, आणि आजचं बहुतेक बौद्ध घर तसंच मानतं. पण झाड, पाणी आणि जीव यांच्याशी मैत्रीनं वागणं तिथंही आहे. त्यामुळे ‘काठ स्वच्छ, विहिरीत काही टाकायचं नाही, रक्त नाही’ या तीन गोष्टींवर दोन्ही घरं काहीही न सोडता एकत्र येतात. हे आणि पाण्याच्या पाळ्या एकाच कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. नवा ओटा तुमच्या हिश्श्याच्या जमिनीत बांधा.

गावात आणखी घरं असतीलच. मुसलमान घरात जिन्नांबद्दल प्रश्नच नसतो, कुराणात त्यांच्या नावाची सूराच आहे, 72 वी. पण त्याच सूरेत म्हटलं आहे की काही माणसं जिन्नांकडे आश्रय मागू लागली आणि त्यानं त्यांचा भार वाढलाच. आहेत म्हणणं वेगळं, त्यांच्याकडे मागणं वेगळं; तिथंही रेघ याच जागी. ख्रिस्ती लोकांनीही हा पेच सोसला आहे. सतराव्या शतकात स्कॉटलंडमध्ये रॉबर्ट कर्क नावाचा पाद्री परींवर सविस्तर लिहून गेला, आणि परी मानणं धर्माविरुद्ध नाही असं त्याचं म्हणणं होतं. 1692 मध्ये तो वारला तर गावकऱ्यांनी ठरवलं की परींनीच त्याला नेला.

गोंड, माडिया, कोरकू यांना मात्र हा प्रश्न विचारू नये. सूरजागडच्या डोंगरावरचा ठाकूरदेव किंवा मेळघाटातला मुठवा हा त्यांच्या धर्माला जोडलेला तुकडा नाही, तोच धर्म आहे. ताडोबा तलावाच्या काठचं तारूचं ठाणंही तसंच. आपल्या माळेचा नियम तिथं लावायला गेलं तर तो उद्धटपणा होतो. त्यांच्या जागेत गेलात तर त्यांच्या भुमकाला, म्हणजे पुजाऱ्याला, विचारून वागा. आणि 15 फेब्रुवारी ते 15 जून या वणव्याच्या दिवसांत जंगलातल्या कुठल्याही ठाण्यावर दिवा-अगरबत्ती लावू नका, देव कुणाचाही असो.

सर्वांत जास्त नुकसान होतं ते आजारपणात. पोरगं डोहात पोहून आलं, रात्री हातपाय-सांधे दुखून रडायला लागलं, डोळे पिवळट दिसले, की ‘आसरा लागली’ म्हणतात. पूर्व विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण मोठं आहे आणि थंड पाण्यानं सिकलसेलचं दुखणं उठतं, हे डॉक्टर सांगतील. म्हणजे डोहाशी संबंध खरा असतो, कारण मात्र रक्तात असतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्या, लग्नाआधी मुला-मुलीची तर नक्कीच. गवतातून, झुडपांतून आल्यावर ताप चढला आणि काखेत किंवा जांघेत काळी खपली दिसली तर स्क्रब टायफसची, म्हणजे बारीक किडीच्या चाव्यानं येणाऱ्या तापाची, शंका घ्या. कपाशीच्या फवारणीनंतर माणूस बरळतो आहे, लाळ गळते, घाम सुटलाय, बुबुळातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली, तर ते धुऱ्यावरचं काही नाही, विषबाधा आहे. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यानं ती पाहिली. कपडे काढून अंग साबणानं धुवा, 108 ला फोन करा, औषधाची बाटली सोबत न्या. साप चावला तर एकही मिनिट उतरवणाऱ्याकडे घालवायचं नाही. बाळंतिणीची झोप उडाली, ती भलतंसलतं बोलते, बाळाजवळ जात नाही, तर ती सटवाई नाही. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर असतात, त्यांच्याकडे न्या.

पूजेच्या दिवशी आईच्या किंवा काकूच्या अंगात आलं तर घाबरू नका, आणि तमाशाही करू नका. गर्दी बाजूला करा, सावलीत बसवा, पाणी द्या, हरिपाठ सुरू ठेवा. त्या वेळी प्रश्न विचारायचे नाहीत. ‘कुणी केलं?’ हा तर कधीच नाही, कारण उत्तरात गावातल्याच एखाद्या म्हाताऱ्या बाईचं नाव येतं आणि तिथून मारहाणीपर्यंत वेळ लागत नाही. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात असं नाव घेऊन छळणं, भूत उतरवायला मारणं, अंगात आल्याच्या नावावर लोकांना घाबरवणं हे गुन्हे आहेत. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि 5 हजार ते 50 हजार दंड. भजन, कीर्तन, प्रदक्षिणा, यात्रा यांना त्या कायद्यात सरळ सूट आहे, त्यामुळे तुमच्या दहीभाताला काही धोका नाही.

बुवांना काय सांगायचं? रक्त थांबलं, नैवेद्य विठोबाचा आहे, मागणं बंद आहे, एवढं सांगा. जाणता वारकरी असेल तर मान डोलावेल. तरी गोटे नदीत सोडायचाच आग्रह असेल तर नम्रपणे नाही म्हणा. सोडल्यावर पहिली अडचण आली की आई रोज तुमच्याकडे बोट दाखवेल, नदीकाठच्या गावाला तुमचे गोटे सापडतील, आणि त्यांची नवी जत्रा सुरू होईल. आणि कुणी ‘बाधा काढायला’ हजारांची शांत सांगितली, तर नारळ-पानावरच्या दक्षिणेपलीकडे खिशात हात घालू नका.

राहिली सासुरवाडी. महानुभावांचं शास्त्र या बाबतीत फार नेमकं आहे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चारही ते खरे मानतात. देवता आहेत, फळही देतात, पण मोक्ष फक्त परमेश्वराकडून, म्हणून अन्य देवतांची भक्ती वर्ज्य. आसरा नाहीत असं तुमचे सासरे म्हणणार नाहीत, पण तिथला दहीभात ते खाणार नाहीत, आणि विठोबाचा आधी दाखवला होता हे सांगूनही फरक पडणार नाही. वाईट वाटून घेऊ नका, आग्रहही करू नका. ते त्या दिवशी आले तर त्यांचं ताट देवापुढे न ठेवलेल्या साध्या स्वयंपाकाचं, वेगळ्या पातेल्यातलं वाढा, आणि तसं वाढल्याचं आधीच सांगून टाका.